काचेच्या पेटीतला घोडा

नेऱ्यासारख्या घाटमाथ्याच्या अलीकडच्या गावात उभे राहून समुद्रातल्या घोड्याविषयी बोलायचे, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. परंतु आपल्या मुळशी तालुक्याचे समुद्राशी नाते आहे आणि ते कडवटही आहे. मुळेचे पाणी मूळचे पूर्वेकडे जाणारे. ते टाटांच्या धरणाने अडविले. १९२१ साली सेनापती बापटांनी शेतकऱ्यांसह सत्याग्रह केला, तरीही धरण झालेच. १९२७ पासून ते पाणी भिऱ्याला डोंगराखाली उतरते, वीज निर्माण करते आणि कुंडलिकेतून रेवदंड्याच्या खाडीला जाऊन मिळते. त्या विजेवर मुंबईत गिरण्या चालल्या. तेव्हा खाडीच्या तोंडाशी राहणाऱ्या जिवांची चौकशी आपण केली, तर त्यात गैर काही नाही.

ज्याला आपण घोडामासा म्हणतो आणि ग्रंथकार अश्वमीन म्हणतात, तो खरोखर मासाच आहे. कल्ले आहेत, पर आहेत. पण अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या चकत्यांचे चिलखत, तोंड घोड्याचे, शेपूट माकडाचे. तो उभा पोहतो आणि फार वाईट पोहतो. म्हणून शेपटीने गवताला वेटोळे घालून बसतो व भक्ष्य जवळ आले की नळीसारख्या तोंडाने ओढून घेतो. दात नाहीत, जठर नाही. खाल्लेले चटकन पुढे जाते, म्हणून त्याला सारखे खावे लागते. हे जठराचे प्रकरण लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरच सगळे अडते. मादी आपली अंडी नराच्या पोटावरील पिशवीत घालते आणि गर्भारपण नराच्या वाट्याला येते. दोन-चार आठवड्यांनी तो शेकड्यांनी पिले बाहेर टाकतो. आमच्या मागणीपत्रकात बापाच्या रजेचे कलम घातले की व्यवस्थापक हसतात. हा मासा त्यांना दाखवावा असे मला अनेकदा वाटले आहे.

जगात याच्या चाळीसांहून अधिक जाती आहेत. फ्लोरिडाकडची एक जात बोटाच्या एका पेराएवढी, तर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडची मोठ्या पोटाची जात फूटभराहून लांब. आपल्या किनाऱ्यांवर तीन ठिपक्यांचा आढळतो, काटेरी आढळतो आणि पिवळाही आढळतो. पिवळ्याचे शास्त्रीय नाव हिप्पोकँपस कुडा. हे नाव १८५२ साली पीटर ब्लीकर या डच लष्करी डॉक्टरने दिले. मलायी भाषेत कुडा म्हणजे घोडा. हा ब्लीकर लहानपणी औषधवाल्याच्या दुकानात उमेदवारी करणारा पोरगा. संग्रहालयात नोकरी मिळाली नाही म्हणून सैन्यात डॉक्टर होऊन बटेव्हियाला गेला, आणि तिथल्या मासळीबाजारात येणारे मासे पाहून पाहून मत्स्यशास्त्राचा मोठा पंडित झाला. कोळ्यांनी वापरलेला शब्दच त्याने लॅटिनच्या पंक्तीला नेऊन बसविला.

आता मासा काचेत कसा आला ते पाहू. मासे पाळणे जुने आहे. चीनमध्ये सोनमासे शतकानुशतके पाळले जात. पण समुद्राचे पाणी आणि समुद्राचा जीव घरात टिकविणे ही गेल्या दोनशे वर्षांतली गोष्ट. ज्यां व्हिलप्रो-पॉवर ही फ्रान्समधली बाई मूळची पॅरिसची शिवणकाम करणारी. कुठल्या विद्यापीठात न जाता निसर्गशास्त्र शिकली आणि १८३२ साली सिसिलीत मेसिना येथे सागरी जिवांच्या अभ्यासासाठी तिने काचेच्या पेट्या करवून घेतल्या. पुढे १८५० साली लंडनचा रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने दाखवून दिले की मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी यांचा मेळ नीट घातला तर पाणी न बदलताही जीव तगतात. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, आणि १८५४ साली फिलिप गॉस याच्या पुस्तकाने घरोघरी मत्स्यपेटीचे वेड लागले.

या वेडामागे कराची एक हकीकत आहे. इंग्लंडात काचेवर वजनानुसार अबकारी कर होता. तो १८४५ साली रद्द झाला. काच स्वस्त झाली आणि दिवाणखान्यात समुद्र आला. त्याची किंमत मात्र किनाऱ्याने भरली. गॉसचाच मुलगा एडमंड याने १९०७ साली आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवले आहे की, बापाच्या ग्रंथांनी चाळवलेल्या हौशी लोकांनी खडकांवरची कुंडे लुटून नेली.

आपल्याकडे सामान्य माणसाला समुद्र काचेत दिसला तो १९५१ साली. मुंबईला मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. आठ लाखांच्या खर्चापैकी दोन लाख पारशी दात्याचे, म्हणून त्यांचे नाव. कारभार सरकारी मत्स्यखात्याचा. २०१५ साली नूतनीकरण होऊन ते पुन्हा उघडले. परंतु इमारत मोडकळीला आल्याने पुढे बंद ठेवावे लागले. गिरणगावातली किती पोरे सुटीच्या दिवशी तिथे नाक काचेला लावून उभी राहिली असतील! थोड्या पैशांत विद्यापीठ दाखविणाऱ्या अशा जागा शहरात मुळातच कमी असतात.

घरात घोडामासा पाळणे मात्र फार अवघड. अमेरिकेत एके काळी मुलांच्या चित्रमासिकांत जाहिराती येत: पैसे पाठवा, फ्लोरिडाहून जिवंत समुद्रघोडे टपालाने येतील. आले तरी बहुतेक लवकरच मरत. कारण तेच, जठर नाही. दिवसातून तीन-चार वेळा जिवंत, हालणारे बारीक कोळंबीसारखे खाद्य हवे. पाणी समुद्राइतके खारट, उष्मा पंचविसाच्या आसपास, प्रवाह संथ, पेटी रुंद असण्यापेक्षा उंच, आणि शेपूट गुंडाळायला आधार. चपळ मासे बरोबर ठेवले तर सगळे तेच खाऊन टाकतात आणि हा उपाशी राहतो. नुकत्याच जन्मलेल्या पिलांना आर्टेमिया नावाचा मिठागरातला सूक्ष्म जीव देतात. त्याची अंडी सुकवून डब्यात भरून जगभर विकली जातात. मुंबईच्या वडाळ्याच्या मिठागरात हा जीव असल्याची नोंद डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९५३ साली प्रसिद्ध केली. मीठ ओढणाऱ्या आगरी मजुरांच्या पायाखाली हे धन होते!

पण हौशी पेट्यांपेक्षा मोठे संकट वेगळेच. चिनी औषधांत वाळविलेला घोडामासा शतकानुशतके वापरतात. अमांडा व्हिन्सेंट या शास्त्रज्ञ बाईने १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात या व्यापाराचा अंदाज वर्षाला किमान दोन कोटी माशांचा दिला होता. भारत हा त्याचा मोठा पुरवठादार, विशेषतः तमिळनाडूचा किनारा. २००१ साली भारत सरकारने घोडामाशाला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. आंतरराष्ट्रीय व्यापारावरील निर्बंध २००२ साली ठरले आणि २००४ साली अमलात आले. आज आपल्या देशात तो पकडणे, विकणे वा समुद्रातून आणून घरच्या पेटीत ठेवणे हा गुन्हा आहे. दुकानदार कितीही गोड बोलला तरी हे ध्यानात असू द्यावे.

कायदा योग्यच झाला, असे माझे मत आहे. तरी कामगार चळवळीतल्या माणसाला एक गोष्ट खटकते. बुड्या मारून मासे काढणाऱ्याची मिळकत सरकारी पत्रकाच्या एका ओळीने गेली. उलट तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरच्या जाळ्यात कोळंबीबरोबर घोडामासा येतच राहिला. तो कोणी मुद्दाम धरीत नाही, म्हणून कोणी जबाबदारही नाही. बंदरावर मासळी निवडणाऱ्या बाईच्या हाती तो मेलेलाच येतो. तिने तो टोपलीत ठेवला तर गुन्हेगार ती. जाळे ओढणाऱ्या यंत्राचा मालक नव्हे. गवताळ उथळ तळ खरवडून निघाला की शेपूट गुंडाळायला जागाच उरत नाही, मग अनुसूची पहिली असो की शेवटची.

गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत पिवळ्या घोडामाशाला टाकीत वाढविण्याचे व त्याची पैदास करण्याचे प्रयोग झाले आहेत. पिलांना जन्म देण्यात नर कुठेही कमी पडत नाही. अडते ते पहिल्या काही दिवसांत: शेकडो तोंडे, प्रत्येकाला सारखे जिवंत खाद्य, आणि ते खाद्य वाढविण्यासाठी टाक्यांची आणखी एक रांग, तिच्यावर रात्रंदिवस लक्ष ठेवणारे हात.