शिरूर व दौंड तालुक्यांतील प्राथमिक स्तरावरील निवड परीक्षा

पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड या तालुक्यांच्या ग्रामीण भागात प्राथमिक स्तरावरील दोन निवड परीक्षांना विशेष महत्त्व आहे : महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा व जवाहर नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा. दोन्ही ऐच्छिक असल्या, तरी त्यांच्या निकालावरून विद्यार्थ्याबरोबरच शिक्षक व शाळा यांचीही गुणवत्ता ठरवली जाते.

स्वरूप

शिष्यवृत्ती परीक्षा १९५४-५५ पासून घेतली जाते. पूर्वी ती इयत्ता चौथी व सातवीसाठी होती. २०१६-१७ पासून पाचवी व आठवीसाठी घेण्यात येऊ लागली. २०२५ मध्ये राज्य शासनाने ती पुन्हा चौथी व सातवीच्या स्तरावर नेण्याचा निर्णय घेतला. एकूण ३०० गुणांपैकी गणित व बुद्धिमत्ता चाचणीला प्रत्येकी १००, तर प्रथम भाषा व इंग्रजीला प्रत्येकी ५० गुण असतात.

पुणे जिल्ह्याचे नवोदय विद्यालय शिरूर तालुक्यातील पिंपळे जगताप येथे आहे. तेथे सहावीच्या वर्गात जास्तीत जास्त ८० विद्यार्थ्यांना प्रवेश मिळतो. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी असतात. ही परीक्षा एकदाच देता येते.

शाळांवरील परिणाम

खासगी इंग्रजी शाळांकडे पालकांचा ओढा वाढत असताना गुणवत्ता यादीतील नावे जिल्हा परिषद शाळेची पत टिकवण्यास साहाय्यभूत ठरतात. त्यासाठी शाळेच्या वेळेआधी, नंतर व सुट्टीत जादा तास घेतले जातात. गणित व तर्कविचाराचा सराव हा त्याचा लाभ होय. मात्र परिसर अभ्यास, कला व शारीरिक शिक्षण यांना या परीक्षांत गुण नाहीत; बहुपर्यायी प्रश्नांमुळे स्वतंत्र लेखनही तपासले जात नाही. त्यामुळे हे विषय मागे पडण्याचा धोका असतो. एखादे मापन निर्णयांसाठी जितके अधिक वापरले जाते, तितके ते विकृत होण्याची शक्यता वाढते, असे अमेरिकी सामाजिक मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकात मांडले होते.

विद्यार्थ्यांवरील परिणाम

नवोदय प्रवेशामुळे शेतकरी व मजूर कुटुंबांतील मुलांना बारावीपर्यंतच्या निवासी शिक्षणाची संधी मिळते. तथापि जागा मर्यादित असल्याने बहुसंख्य मुलांची निवड होत नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला हा निकाल स्वतःच्या कुवतीचा अंतिम निवाडा वाटू शकतो.

स्थलांतरित मुले

भीमा व घोड नद्यांच्या काठच्या ऊसपट्ट्यात बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून ऊसतोड मजूर येतात. गळीत हंगाम साधारणतः नोव्हेंबर ते मार्च असतो आणि शिष्यवृत्ती परीक्षा बहुधा फेब्रुवारीत होते. नवोदयसाठी त्याच जिल्ह्यातील शाळेत शिकत असणे आवश्यक असते. ग्रामीण जागांसाठी तिसरी ते पाचवीचे शिक्षण ग्रामीण शाळेत सलग पूर्ण व्हावे लागते. परिणामी कोयत्यासोबत फिरणारी मुले निकालाआधीच, अर्ज भरण्याच्या टप्प्यावर, स्पर्धेबाहेर राहू शकतात.