काळे जिरे म्हणजे नेमके कोणते?

अत्ताराच्या दुकानात 'काळे जिरे द्या' म्हटले की जुना जाणता दुकानदार उलट विचारतो, "बिर्याणीला की जंतांना?" प्रश्न चोख आहे, कारण या एका नावाखाली अनेक वनस्पती नांदतात. शहाजिरे काश्मीर-इराणकडचे, जिऱ्याच्याच कुळातले, बारीक आणि किंचित वाकडे. कलौंजी तिकोनी, मळकट काळी. अरबीत ती 'हब्बतुस्सौदा', म्हणजे नुसते काळे बी. हदीसमध्ये उल्लेख असल्याने आमच्या घरांत तिला मोठा मान. काहीजण तिलाच कांद्याचे बी समजतात. चोळून वास घ्या, कलौंजी लगेच ओळख देते. कडू जिरे मात्र सूर्यफुलाच्या कुळातले. दाण्यावर उभे कंगोरे, आणि चव अशी की मूल चमचा पाहूनच पळते. चटणीचे गुळगुळीत कारळे त्याच कुळातले.

वैद्याने 'कृष्णजीरक' लिहिले आणि पुडीत कडू जिरे आले, तर औषधच बदलले! घोळ जुना आहे. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात तीन जिऱ्यांचे गुण एकत्रच सांगितले आहेत. संस्कृतातले पर्यायशब्द कवीला सुखावतात, वैद्याला मात्र अडचणीत टाकतात.

हा गुंता सोडवायला माणसे बाजारातच उतरली. १८२३ साली सहारनपूरच्या सरकारी बागेचे प्रमुख झालेले डॉ. रॉयल बाजारातली औषधे जमवून त्यांची झाडे शोधत. मुंबईत सरकारी औषधभांडार सांभाळणाऱ्या विल्यम डिमॉक यांनी वॉर्डन आणि हूपर यांच्यासह १८९० ते १८९३ या काळात 'फार्माकोग्राफिया इंडिका'चे तीन खंड काढले. त्यात झाडाच्या लॅटिन नावाशेजारी बाजारातली देशी नावेही आहेत.

मला जवळचे वाटतात ते कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. लष्करी डॉक्टर, वनस्पतींचे अभ्यासक आणि मराठी कवी! बसू यांच्यासोबत केलेला त्यांचा भारतीय औषधी वनस्पतींवरचा सचित्र ग्रंथ १९१८ साली अलाहाबादेत निघाला. तो पाहायला कीर्तिकर उरले नव्हते. आदल्याच वर्षी ते गेले.

घरच्या घरी खात्री करायची तर पेरून पाहावे. बी मात्र ताजे हवे, भाजलेले नको. कलौंजीला फिकट निळसर फुले येतात, कडू जिऱ्याला जांभळी, कारळ्याला पिवळी. शहाजिरे आपल्याकडे बहुधा उगवायचेच नाही. त्याला कडाक्याची थंडी लागते.