लातूरचे आरमार

मराठवाड्यातल्या माणसाला 'बोट' म्हटले की आधी हाताचे बोट आठवते. त्यात त्याचा दोष नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात बोट बुडेल इतके पाणी हंड्यात असले तरी घरात आनंदीआनंद असतो. मग बोटीत बसून फिरायच्या गोष्टी कुठे करता! 'ट्रायमरान' हा शब्द मी शेजारच्या काकांना ऐकवला, तेव्हा त्यांनी काळजीने विचारले, "कोणत्या दुखण्यावर घेतात हो? जेवणाआधी की नंतर?"

तर ट्रायमरान म्हणजे तीन अंगांची होडी. मधे मुख्य होडी, दोन्ही बाजूंना दोन बारक्या, आणि तिघींना जोडणाऱ्या आडव्या दांड्या. एका अंगाच्या शिडाच्या होडीला वाऱ्यात उलथू नये म्हणून पोटाखाली जड शिसे बांधावे लागते. ही मात्र पाय फाकून उभ्या राहणाऱ्या पैलवानासारखी रुंदीवर तोल धरते. शिशाचे ओझे नाही, अंगे सडपातळ, त्यामुळे पळते झकास. अडचण एकच, तीच रुंदी. पाण्यात शोभते, रस्त्यावर मावत नाही.

त्यावर न्यूझीलंडच्या इयान फॅरियर यांनी १९७० च्या दशकात तोड काढली. दांड्यांना असे सांधे दिले की बाजूच्या होड्या मधल्या होडीच्या कुशीत येऊन बसाव्यात. १९८५ च्या सुमाराला अमेरिकेत बांधली गेलेली त्यांची 'एफ-२७' सत्तावीस फूट लांब. पसरली की सुमारे १९ फूट रुंद, आणि मिटली की साडेआठ फूट! मोटारीच्या मागे गाड्यावर घालायची, तळ्याकाठी नेऊन उलगडायची. शर्यतीला तीच, आणि मुलाबाळांना घेऊन चार दिवस समुद्रावर राहायलाही तीच. म्हणजे लग्नमंडपातली लोखंडी खुर्चीच की! फरक इतकाच, की खुर्ची मिटताना बोट सापडते आणि इथे बोटच मिटते.

नावाची हकीकत आणखी गमतीची. तमिळमध्ये 'कट्टु' म्हणजे बांधणे आणि 'मरम्' म्हणजे लाकूड. ओंडके बांधून केलेले ते कट्टुमरम्. साहेबाने त्याचे 'कॅटमरान' केले. पुढे १९४० च्या दशकात युक्रेनहून अमेरिकेत गेलेल्या व्हिक्टर चेचेट यांनी त्याची शेपटी कापून पुढे 'ट्राय' जोडले. म्हणजे लाखो रुपयांच्या या डौलदार नावेच्या नावाचा अर्थ निघाला 'तीन लाकडे'! आमच्या कोकणात तर होडी कलंडू नये म्हणून एका बाजूला लाकूड बांधतात, त्याला उलांडी म्हणतात. दुसऱ्या बाजूलाही एक बांधले असते, तर पेटंट रत्नागिरीला आले असते.

"पण हे झाले दर्यावर्दी लोकांचे. लातूर-नांदेडकरांनी यात नाक का खुपसावे?" असे कोणी म्हणेल. वाचकहो, इथेच इतिहास आमच्या मदतीला धावून येतो. आठव्या ते दहाव्या शतकात दख्खनवर राज्य करणारे राष्ट्रकूट स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. आता हे लट्टलूर म्हणजे आपले लातूर, असे अनेक इतिहासकार मानतात. एवढे लांबलचक बिरुद नुसते उच्चारायलाही घसा ओला लागतो. त्या अर्थी तेव्हा लातुरात पाणी मुबलक असावे!

हे राजे घाटावर बसून समुद्र सांभाळत. ८५१ सालच्या एका अरबी वृत्तान्तात जगातल्या चार थोर राजांत बगदादचा खलिफा, चीनचा सम्राट आणि रूमचा बादशहा यांच्या पंक्तीला 'बल्हरा' बसलेला आहे. हा बल्हरा म्हणजे आपला राष्ट्रकूट वल्लभराज. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेला ९२६ सालचा ताम्रपट तर वाचावा असा आहे. राष्ट्रकूटांनी संजाणचा कारभार मुहम्मद नावाच्या एका अरबाकडे सोपवला होता. संस्कृतात त्याचे नाव झाले मधुमती सुगतिप. त्याने आसपासच्या बंदरांचे अधिपती राजासाठी जिंकले. शिवाय त्याच्या कारकीर्दीत दोन प्रवाहांवर फुकट नाव सुरू झाली आणि अन्नछत्रही निघाले, तेही तुपासकट! लातूरचे बिरुद, अरब सुभेदार, फुकट नाव आणि वर तूप. याला म्हणतात राज्य.

आणि नांदेड जिल्ह्यातले कंधार? तिथल्या तळ्याला जगत्तुंग सागर म्हणतात. 'जगत्तुंग' हे राष्ट्रकूटांचेच बिरुद. ज्यांना खरा समुद्र ठाऊक होता, त्यांच्या मुलखात तळेही सागर म्हणून मिरवले, ही मला मोठी शहाणपणाची गोष्ट वाटते. बंदर जिंकणे आणि पावसाचे पाणी अडवणे, दोन्ही राजाचीच कामे.

आता पुढचे पान उलटा. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. ज्या गावाच्या नावाने राजे मिरवले, त्या गावाचे पाणी रुळांवरून आले. बरे, पाणी नाहीच म्हणावे, तर ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात असा पूर आला की गावांत अडकलेल्या लोकांची सुटका करायला बचाव पथके धाडावी लागली. माणसे गेली, जनावरे गेली. एका हातात रिकामी घागर आणि दुसऱ्या हातात वल्हे, असा हा आमचा संसार.

म्हणून मला वाटते, फॅरियरसाहेबांची होडी खरी आमच्यासाठीच आहे. दहा महिने गोठ्याच्या बाजूला मिटून ठेवावी, वर कडबा रचावा, आणि पूर आला की उलगडावी. पण एक गोष्ट त्या होडीकडून शिकण्याजोगी आहे. ती मिटते ती पुन्हा उलगडण्यासाठी. आम्ही गावोगावची तळी आणि बारवा मिटवल्या, आणि वर घरे बांधून बिजागऱ्याच काढून टाकल्या. आरमार काय, आज ना उद्या कोणी विकतही देईल. सागर मात्र ज्याचा त्यालाच खणावा लागतो.