चित्रपुस्तकांतील पुनर्कथन

लोककथा, बोधकथा किंवा बायबलमधील प्रसंग मुलांसाठी चित्रांच्या आधारे नव्याने सांगणारा बालसाहित्यप्रकार. गोष्ट बहुधा आधीच ठाऊक असते, त्यामुळे मूळ संहितेने जे सांगितलेच नाही ते दाखवण्याची जबाबदारी चित्रकारावर येते. अमेरिकेत हा प्रकार विशेष रुजला. तेथील ग्रंथालय संघटनेचे कॅल्डिकॉट पदक १९३८ मध्ये प्रथम दिले गेले, तेच ‘ॲनिमल्स ऑफ द बायबल’च्या चित्रांसाठी डॉरथी लॅथ्रप यांना. त्यातील उतारे हेलन डीन फिश यांनी बायबलमधूनच वेचले होते. नवे होते ते प्राण्यांचे चित्रण.

पीटर स्पीअर या मूळच्या डच चित्रकाराचे ‘नोआज आर्क’ (१९७७, पदक १९७८) हे या प्रकाराचे उत्तम उदाहरण. आरंभी याकोबुस रेव्हियस या सतराव्या शतकातील डच कवीची कविता स्पीअर यांनी इंग्रजीत दिली आहे. पुढची पाने जवळजवळ निःशब्द आहेत. बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकात नोहाच्या तारवाची लांबी तीनशे हात, मजले तीन, पाऊस चाळीस दिवस अशी मापे चोख मिळतात. पण आतले दिवस कसे गेले, याबद्दल फारसे काही नाही. स्पीअर तेच रंगवतात: चारा घालणे, शेण काढणे, दाटीवाटीत जनावरे सांभाळणे. तारवाबाहेर राहिलेले प्राणी चढत्या पाण्यात उभे असल्याचेही ते दाखवतात. मुलांसाठीच्या बहुतेक आवृत्त्या हा भाग टाळतात, म्हणून ही पाने अधिक बोचतात. शेवटी नोहा द्राक्षमळा लावतो. बायबलमध्ये त्यानंतर लगेच येणारी त्याच्या मद्यधुंदीची हकिकत मात्र गाळली आहे.

मार्शा ब्राउन यांचे ‘वन्स अ माउस’ (१९६१) हितोपदेशातील मुनी आणि उंदराच्या गोष्टीवर आधारलेले आहे. उंदराचे मांजर, कुत्रा आणि वाघ होत जाणे त्यांनी लाकडी ठशांच्या चित्रांतून दाखवले. जेरी पिंकनी यांनी सिंह-उंदराची इसापकथा सेरेंगेटीच्या माळावर नेली आणि प्राण्यांच्या आवाजांखेरीज एकही शब्द ठेवला नाही (२००९).

परक्या समाजाची कथा घेताना अडचणी वाढतात. जेरल्ड मॅकडर्मॉट यांच्या ‘ॲरो टू द सन’ला (१९७४) पदक मिळाले, पण प्वेब्लो लोकांची किवा ही पवित्र जागा त्यात सिंह, साप आणि मधमाश्यांशी झुंजण्याचे ठिकाण झाली, असा आक्षेप पुढे घेतला गेला, आणि तो रास्त आहे. कथा कोणाची, कोठून घेतली आणि तिच्यात काय बदलले, हे पुस्तकातच नोंदवावे, अशी मागणी बालसाहित्याच्या समीक्षक बेट्सी हर्न यांनी १९९३ मध्ये केली. अशी टीप आता अनेक पुनर्कथनांत आढळते, बहुधा शेवटच्या पानावर बारीक टायपात.