संख्या फुटते हे कळलं, पण कशी फुटते?

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७.

२ चा ६७वा घात घ्या, त्यातून १ वजा करा. ही २१ अंकी संख्या मिळेल. ती मूळ की संयुक्त? साधा वाटणारा हा प्रश्न पूर्ण सुटायला अडीचशेहून जास्त वर्षं लागली.

१६४४ मध्ये मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने एक यादी छापली. २ च्या कोणत्या घातातून १ वजा केला की मूळ संख्या मिळते, याची. घातांकांची मर्यादा २५७. यादीत ६७ होता, सिद्धता मात्र नव्हती. तरी ती यादी पुढे दोन शतकं संदर्भ म्हणून वापरली गेली. आज आपल्याला माहीत आहे की तिच्यात ६७ आणि २५७ चुकीने आले, तर ६१, ८९ आणि १०७ राहून गेले.

१८७६ मध्ये एदुआर ल्युका यांनी दाखवलं की आपली संख्या संयुक्त आहे. गंमत म्हणजे अवयव एकही न सांगता! हे कसं शक्य आहे? या जातीची संख्या मूळ असेल तर तिला एक ठरावीक कसोटी पार करावीच लागते. कसोटीचं आजचं रूप असं: ४ पासून सुरुवात करा, वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा. हे ६५ वेळा करा. शेवटची बाकी शून्य आली तर संख्या मूळ. इथे ती येत नाही. म्हणजे संख्या फुटते हे नक्की. कुठे फुटते, याबद्दल कसोटी गप्प.

ते उत्तर १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोल यांनी दिलं: १९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७. दोन्ही अवयव मूळ आहेत.

कोल यांची दंतकथा तुम्ही ऐकली असेल. सभेत एक शब्द न बोलता त्यांनी फळ्यावर गुणाकार केला, टाळ्या पडल्या, आणि या शोधामागे तीन वर्षांचे रविवार होते वगैरे. ही गोष्ट प्रसिद्ध झाली ती ई. टी. बेल यांच्यामुळे. त्यांचं पुस्तक १९५१ चं, आणि १९०३ मध्ये ते स्वतः कॅलिफोर्नियात विद्यार्थी होते. उलट कोल यांचा छापील लेख उपलब्ध आहे. त्यात वर्गशेषांच्या मदतीने संभाव्य अवयव कसे चाळत नेले, ते दिलंय. रविवारांपेक्षा ही चाळणी आपल्या जास्त कामाची.

म्हणून साहित्य-आढावा लिहिताना प्रत्येक विधानापुढे एक खूण करा: नुसता दावा (मर्सेन), अस्तित्वाची सिद्धता (ल्युका), प्रत्यक्ष उत्तर (कोल), की नंतरची आठवण (बेल). चारही गोष्टी पुस्तकांत एकाच सुरात छापलेल्या असतात. त्या वेगळ्या केल्या की आपल्यासाठी काम कुठे शिल्लक आहे, ते दिसायला लागतं.