ऐरण : एका शब्दाचे घराणे

मुठेकाठचे वारजे आज पुणे शहरात मिसळले आहे. अशा देशावरच्या गावांत पूर्वी लोहार हा बलुतेदार असे. त्याने फाळ ठोकून द्यावा, विळे-खुरपी घडवावीत आणि सुगीला खळ्यावर धान्याचे बलुते घ्यावे, ही रीत. त्याच्या ऐरणीचे कूळ मात्र आपण समजतो त्याहून मोठे आहे.

संस्कृतात ‘अधिकरण’ म्हणजे आधार. पालीत लोहाराच्या ऐरणीस ‘अधिकरणी’ म्हणत. प्राकृतात तिची ‘अहिगरणी’ झाली आणि मराठीत झिजत झिजत ‘ऐरण’ उरली. हेच अधिकरण व्याकरणात सप्तमीचा कारकार्थ झाले. न्यायसभेलाही तेच नाव मिळाले. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे १५ विभागही अधिकरणेच! लोहार, वैयाकरण आणि न्यायाधीश असे शब्दाने भाऊबंद ठरतात.

शरीरशास्त्राने मधल्या कानातील तीन हाडांना हातोडा, ऐरण व रिकीब म्हटले. हातोड्याचा कंप ऐरण रिकिबीकडे पोचविते, म्हणून व्याख्यान ऐकू येते. वळवाच्या ढगाचा माथा सपाट पसरतो, त्यालाही ऐरणीचीच उपमा देतात.

पुढे कारखान्यांची अवजारे आली, बलुत्याची रीत मोडली. शब्द तेवढा वर्तमानपत्रांत राहिला. ‘प्रश्न ऐरणीवर आला’ असे आपण रोज वाचतो आणि पान उलटतो. लोहार असे करीत नसे. ऐरणीवर आलेले लोखंड निवण्यापूर्वी त्याला आकार द्यावाच लागे. आणि तो देताना प्रत्येक घाव खालच्या ऐरणीलाही सोसावा लागे. प्रश्न ऐरणीवर आणणारे आपण पुष्कळ आहोत. त्याखालचा आधार होण्याची आपली तयारी किती, हे हा जुना शब्द आपल्याला विचारतो आहे.