गणितातून वकिलीकडे : टिळकांची गोष्ट, परभणीतून

आजचा भाग थोडा स्वार्थी आहे, आधीच सांगून टाकते.

मी परभणीत बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, विषय गणित. मागच्या महिन्यात घरी बोलले की तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी द्यायची म्हणते, जमलं तर पुढे मुंबईला जाऊन सॉलिसिटर. मामा लगेच म्हणाले, "अन् मग हे तीन वर्षं गणित कशाला केलं बाई?" मला उत्तर सुचलं नाही. मग म्हटलं, आधी कुणी असं केलंय का ते तरी बघू. सापडले ते थेट लोकमान्य टिळक.

शाळेत टरफलांची गोष्ट ऐकलेली असते, त्यामुळे आपण पुढचं ऐकत नाही. टिळक डेक्कन कॉलेजात गणिताचे विद्यार्थी. शिकवायला केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे त्या काळातले नावाजलेले गणिती आणि खगोलाचे जाणकार. १८७७ मध्ये टिळक बी.ए. झाले, पहिल्या वर्गात. एम.ए.चं गणित काही पूर्ण झालं नाही, पण १८७९ मध्ये एलएलबी झाले. चरित्रकार सांगतात की मित्रांनी त्यांना हटकलं होतं, गणितात एवढी गती असताना कायदा कशाला? म्हणजे मामा तेव्हाही होते! टिळकांचं म्हणणं साधारण असं, की देशाचं काम करायचं तर कायदा माहीत हवा.

पण गंमत बघा. एलएलबी होऊन त्यांनी वकिली केलीच नाही. जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघालं, तिथे ते शिकवायला लागले. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि कायदा शिकलेला हा माणूस आगरकरांसोबत डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहून आला. १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यावर पोट भरायला काय केलं? लॉ क्लास. वकिलीच्या परीक्षेची तयारी करून घेणारा खासगी क्लास. आणि दुसरा उद्योग म्हणजे आपल्या लातुरात, निजामाच्या मुलखात, भागीदारीत जिनिंग फॅक्टरी. हे वाचून मी उडालेच.

गणित मग गेलं कुठे? १८९३ चं 'ओरायन' बघा. वेदांतल्या उल्लेखांवरून वसंतसंपात मृग नक्षत्रात कधी होता ते काढायचं आणि त्यावरून काळ ठरवायचा. उत्तर आलं इ.स.पू. ४००० च्या आसपास. तो निष्कर्ष आज सगळे मानत नाहीत. पण रीत बघा : इकडे पुरावा, तिकडे गणित.

आणि १९०८. मुंबई हायकोर्टात राजद्रोहाचा खटला, कलम १२४अ. टिळक स्वतःच स्वतःची बाजू मांडायला उभे राहिले. भाषण चाललं २१ तास १० मिनिटं, कित्येक दिवस मिळून. त्यात मोठा भाग कशाचा होता? भाषांतराचा. 'केसरी'तल्या मराठी लेखांचं इंग्रजी चुकीचं केलंय, हे ते एकेक शब्द धरून दाखवत होते, सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेत होते. मला ते गणिताचा पेपर तपासल्यासारखं वाटतं. चौथ्या ओळीत चूक असेल तर खालचं उत्तर काय कामाचं?

तरी ते हरले. ज्युरीचे सात विरुद्ध दोन, सहा वर्षांची शिक्षा, मंडाले. न्यायाधीश होते दावर, ज्यांनी ११ वर्षांपूर्वी बॅरिस्टर म्हणून याच टिळकांच्या जामिनासाठी युक्तिवाद केला होता.

हेही सांगते, टिळकांचं सगळं मला पटत नाही. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला त्यांनी विरोध केला, तेव्हा मी आगरकरांच्या बाजूला उभी राहिले असते.

आता सॉलिसिटरचं. टिळकांच्या काळी हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला दोन जाती असायच्या. सॉलिसिटर पक्षकाराला भेटून कागद तयार करायचा, बॅरिस्टर कोर्टात बोलायचा. ही सक्तीची विभागणी १९७७ पासून गेली. पण बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा आहे अजून, तीन वर्षं आर्टिकलशिप केल्यावर. म्हणजे बीएस्सी तीन, एलएलबी तीन, मग हे. बेरीज मामांनी माझ्या आधीच केलीय.

त्यांना मी टिळकांचं सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, चहा संपवला आणि म्हणाले, "त्यांनी जिनिंग पण टाकली होती ना? तू काय टाकणार?"

सीईटीचा फॉर्म मोबाइलवर अर्धा भरून ठेवलाय. फी भरायची राहिलीय. पुढच्या भागात लातूरच्या कापसाबद्दल बोलू.